नव्या फायटिंग गेमला हात बसवताना

पुण्यात बिबवेवाडीत, अप्पर इंदिरानगरकडे, व्हीआयटीच्या आसपास, इंजिनिअरिंगची मुलं खोल्या घेऊन राहतात. परीक्षा तोंडावर नसली की रात्री मेसचं जेवण झाल्यावर कुणाच्या तरी खोलीवर टेकन लागतो. एक लॅपटॉप, दोन कंट्रोलर, हरला तो उठणार. अशा बैठकीत मुरलेला मुलगा टेकन ७ मध्ये सहसा कुणाला हार जात नाही. तोच टेकन ८ घेतो आणि पहिल्या आठवड्यातच वैतागतो. पात्रं ओळखीची, चाली बऱ्याचशा त्याच, बटणंही त्याच जागी. तरी हाताला काही लागत नाही. ‘दाबलं पण निघालंच नाही’, ‘अरे, मी ब्लॉक केला होता’, ‘गेमच जड वाटतोय’, अशी कुरकुर सुरू होते. स्ट्रीट फायटर ५ वरून ६ वर गेलेल्यांची किंवा मॉर्टल कॉम्बॅट सोडून स्ट्रीट फायटरकडे वळलेल्यांची तक्रारही हीच असते.

यात तुमचा हात बिघडलेला नसतो. हात चालींपेक्षा वेळ जास्त पक्की लक्षात ठेवतो. फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेम दाखवतात, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. टेकनमधला जलद जॅब १० फ्रेमांत लागतो, स्ट्रीट फायटर ६ मधला ४ फ्रेमांत. पहिल्या पंचानंतर दुसरा केव्हा दाबायचा, उडी मारून येणाऱ्याला केव्हा खाली पाडायचं, ब्लॉक केल्यावर उलटा फटका केव्हा द्यायचा, हे सगळं हजारो वेळा करून बोटांत उतरलेलं असतं. नव्या खेळात यातली प्रत्येक वेळ दोन-चार फ्रेमांनी इकडे-तिकडे सरकलेली असते. डोळ्यांना ते दिसत नाही, बोटांना मात्र लगेच कळतं. दोन खेळ पूर्ण वेगळे असले तर उलट सोपं जातं, कारण तिथे हात कोरा असतो. सारखे दिसणारे खेळच जास्त छळतात. जुनी सवय चालेल असं वाटत राहतं आणि ऐन वेळी ती दगा देते.

म्हणून माझं ठाम मत आहे की खेळ बदलल्यावर लगेच नवे कॉम्बो पाठ करायला बसू नये. आधी अडतंय कुठे ते शोधावं. ते तीन ठिकाणी अडू शकतं: टेबलावरच्या यंत्रांत, खेळाच्या वेळेच्या गणितात किंवा खेळाच्या नियमांत. एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर महिनाभर घासूनही काही हाती लागत नाही.

सुरुवात यंत्रांपासून करा, कारण ते तासाभरात निकाली निघतं. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत थोडा वेळ जातोच. तो कंट्रोलर, खेळ आणि पडदा या तिघांत वाटलेला असतो. ज्यांनी टेकन ३ जाड काचेच्या टीव्हीवर खेळला, त्यांच्या पडद्यात हा वेळ जवळजवळ नव्हताच. आजच्या टीव्हीला चित्र सजवण्याची हौस असते आणि त्यात बऱ्याच फ्रेम खर्ची पडतात. टीव्हीवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ चालू करा. कंट्रोलर ब्लूटूथवर असेल तर वायरीने जोडून बघा. चांगली यूएसबी केबल आणि एचडीएमआय केबल तपकीर गल्लीत सहज मिळते. खोलीत दोन कंट्रोलर असतील तर दोन्ही एकाच पद्धतीने जोडा, नाहीतर कोण कुठल्या कंट्रोलरवर बसला यावर निकाल फिरतो.

अंदाजाने बोलण्यापेक्षा मोजा. बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० फ्रेमांचं स्लो मोशन असतं. कंट्रोलर पडद्यासमोर असा धरा की अंगठा आणि पात्र दोन्ही एका चित्रात येतील. रेकॉर्डिंग चालू करून जॅब काही वेळा दाबा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बटण पूर्ण दाबलं गेल्यापासून पात्राचा हात हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. मोबाइलच्या चार फ्रेम म्हणजे खेळाची एक. व्हिडिओत २४ फ्रेमांचं अंतर आलं तर बटण आणि हालचाल यांत १०० मिलिसेकंद जातात, म्हणजे खेळाच्या ६ फ्रेम. त्याच पडद्यावर, त्याच कंट्रोलरने जुन्या खेळाचंही असंच मोजा. दोन आकडे जवळजवळ सारखे आले तर यंत्रांवरचा संशय सोडून द्या आणि पुन्हा त्याच्याकडे वळू नका. नवा खेळ बराच मागे पडत असेल तर ग्राफिक्स खाली आणा. टेकन ८ अनरिअल इंजिन ५ वर बांधलेला आहे आणि टेकन ७ सुरळीत चालवणाऱ्या लॅपटॉपचीही तो दमछाक करतो. ६० फ्रेम टिकल्या नाहीत तर खेळाची चालच मंदावते आणि मग टायमिंग शिकण्यात काही अर्थ उरत नाही. सावल्या, धूर, गर्दीची सजावट सगळं कमी करा, पण ६० टिकवा. स्ट्रीट फायटर ६ मध्ये इनपुट डिले कमी करण्याचा वेगळा पर्यायही आहे.

या दोन-चार फ्रेमांनी काय फरक पडतो, असं कुणी विचारेल. स्ट्रीट फायटर ६ मधला ड्राइव्ह इम्पॅक्ट हा फटका घ्या. तो लागायला २६ फ्रेम घेतो, म्हणजे सुमारे ४३३ मिलिसेकंद. डोळ्यांनी बघून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. त्यात १५ फ्रेम गेल्या. उरल्या ११. त्यातल्या सहा-सात यंत्रांनी खाल्ल्या तर तुमच्याकडे चार-पाचच राहतात, आणि समोरचा हे नेमकं केव्हा करेल ते तुम्हाला माहीत नसतं. असे फटके खाणाऱ्या मुलाला लोक ‘रिॲक्शन नाही’ म्हणतात. अनेकदा रिॲक्शन असते, टीव्हीचा गेम मोड बंद असतो.

आता वेळेच्या गणिताकडे. खरं काम इथेच आहे. स्ट्रीट फायटर ४, ५ आणि ६ हे तीन भाऊ शेजारी ठेवले तर सगळं स्पष्ट होतं. २००८ साली आर्केडमध्ये आलेल्या ४ मध्ये अनेक लिंक एका फ्रेमच्या होत्या. लिंक म्हणजे पहिला फटका पूर्ण संपून पात्र मोकळं झाल्यावर दुसरा दाबायचा. एक फ्रेम आधी दाबलं तर काही निघत नाही, एक फ्रेम उशीर झाला तर समोरचा ब्लॉक करतो. या एका फ्रेमसाठी लोकांनी दोन बटणं पाठोपाठ घासण्याची युक्ती काढली होती. २०१६ च्या स्ट्रीट फायटर ५ ने इथे सवलत दिली: थोडं आधी दाबलं तरी खेळ ते लक्षात ठेवतो आणि पहिल्या मोकळ्या फ्रेमला फटका काढतो. २ जून २०२३ ला आलेल्या ६ मध्येही ही सवलत आहे. ४ वरून आलेला खेळाडू इथे उगीच बटणं घासतो आणि नको ते निघतं. ५ वर वाढलेला खेळाडू हौसेने ४ लावतो तेव्हा सगळं आधी दाबतो आणि काहीच निघत नाही.

मॉर्टल कॉम्बॅटची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे ठरलेली मालिका भरभर दाबून टाकायची. पडद्यावर पहिला फटका बसत असताना तुमच्या बोटांनी तिसरा दाबून झालेला असतो. हा हात स्ट्रीट फायटरला आला की प्रत्येक कॉम्बो फार लवकर होतो. त्याला बोटं थांबवायला शिकावं लागतं. उलट दिशेने जाणाऱ्याला वाटतं की मॉर्टल कॉम्बॅट आपलं ऐकतच नाही, कारण तो फटका बसल्याचं बघून पुढचं दाबतो, तोवर मालिका तुटलेली असते. मॉर्टल कॉम्बॅटमध्ये ‘रिलीज चेक’ नावाची एक सेटिंगही आहे. ती चालू असेल तर बटण सोडल्यावरही ते दाबल्यासारखं धरलं जातं आणि न मागितलेले स्पेशल निघतात. ती बंद करून बघा.

यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटलेला सराव असा. कॉम्बो ट्रायलमधली पहिली सोपी लिंक घ्या, फक्त दोन फटक्यांची. आधी दुसरा फटका मुद्दाम उशिरा दाबा, इतका की समोरचं पात्र ब्लॉक करेल. मग थोडा थोडा अलीकडे आणत जा. कॉम्बो लागायला लागेल. तरी अलीकडे आणतच राहा, इतकं की दुसरा फटका निघायचाच बंद होईल. आता तुम्हाला दोन्ही कडा कळल्या. या खेळात दार किती रुंद आहे हे बोटांना समजलं की मधोमध दाबणं आपोआप जमतं. बरोबर टायमिंगच पुन्हा पुन्हा घोकणाऱ्याला हे दार कधी कळत नाही. सामन्यात घाई झाली की तो एकाच बाजूने चुकत राहतो आणि का चुकतोय ते त्याला सांगता येत नाही.

हे करताना इनपुट हिस्टरी पडद्यावर चालू ठेवा. स्ट्रीट फायटर ६ मध्ये प्रत्येक दिशा किती फ्रेम धरली तेही दिसतं. ‘निघालंच नाही’ ही तक्रार मग तीनपैकी एक होते: बटण लागलंच नाही, वेळेच्या बाहेर लागलं, किंवा दिशा चुकली. एक उदाहरण जवळून बघू. र्‍यूने पुढे चालत जाऊन हाडोकेन टाकायचा आहे. चालण्यासाठी पुढची दिशा धरलेली असते, मग खाली, तिरकं, पुढे आणि पंच. खेळाला दिसतं: पुढे, खाली, तिरकं. ही तर शोर्यूकेनची सुरुवात. म्हणून र्‍यू हवेत उडतो आणि खाली येताना भरपूर मार खातो. हिस्टरीत हे लख्ख दिसतं. उपाय एवढाच की चालणं थांबवून दिशा क्षणभर मोकळी सोडायची आणि मग हाडोकेन. कुठला खेळ ही ओढाताण किती सहन करतो ते खेळागणिक बदलतं. जुन्या खेळात बिनधास्त चालणारी गोष्ट नव्यात अडते ती इथेच. टेकनमध्ये काझुयाचा इलेक्ट्रिक असाच: पुढे, मोकळं, खाली, आणि तिरकी दिशा व उजव्या हाताचं बटण एकाच फ्रेमला. तो डाव्या बाजूने बसला म्हणून उजव्या बाजूनेही बसला असं नाही. नव्या खेळात दोन्ही बाजूंनी तपासा.

हाताला जाणवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे फटका बसल्यावर दोन्ही पात्रं क्षणभर गोठतात ती. स्ट्रीट फायटरमध्ये जड फटक्यांना हा थांबा चांगला जाणवतो आणि त्या वेळात ‘लागला की अडवला’ हे बघून पुढचं ठरवता येतं. गिल्टी गिअर स्ट्राइव्हमध्ये जबर काउंटर बसला की मोठी अक्षरं येऊन चित्रच संथ होतं. टेकनमध्ये ही उसंत कमी. म्हणून दुसऱ्या खेळातून आलेल्याला टेकन घाईचा वाटतो, आणि टेकनवाल्याला स्ट्रीट फायटर अडखळत चालल्यासारखा. ट्रेनिंग मोडमध्ये समोरच्या पात्राला ‘कधी ब्लॉक, कधी नाही’ असं लावा आणि लागल्यावरच पुढचा फटका सोडायचा सराव करा. रोज दहा मिनिटं पुरे.

नियमांच्या बाबतीत मी फक्त जिथे हमखास पाय घसरतो तिथेच थांबतो. सर्वांत मोठी घसरण बचावात होते. स्ट्रीट फायटरचा खेळाडू सवयीने खाली-मागे धरून बसतो, कारण तिथे बसून बहुतेक जमिनीवरचे फटके अडतात. उभं राहायचं ते उडीसाठी आणि वरून येणाऱ्या फटक्यासाठी. टेकनमध्ये हाच बसका माणूस मिड, म्हणजे मधल्या उंचीचे फटके, खाऊन खाऊन मरतो. तिथे बसलेल्याला मिड लागतात आणि बरेचसे मिड कॉम्बो सुरू करतात, म्हणून टेकनमध्ये उभं राहणं हा पाया आणि बसणं हा अंदाज. काही न दाबता उभं राहिलं तरी टेकनचं पात्र ब्लॉक करतं, हेही स्ट्रीट फायटरवाल्याला बोटं मोकळी सोडून शिकावं लागतं. टेकनवाला स्ट्रीट फायटरला गेला की उलट होतं: उभा राहतो आणि पायात लाथा खातो. मॉर्टल कॉम्बॅटमध्ये ब्लॉकला वेगळं बटण आहे, त्यामुळे डोक्यावरून पलीकडे उडी मारणाऱ्यासाठी दिशा बदलावी लागत नाही. तिथून आलेल्याने स्ट्रीट फायटरमध्ये एक आठवडा फक्त हाच सराव करावा: मित्राला डोक्यावरून उड्या मारायला सांगायचं आणि आपण नुसतं अडवायचं, उलटा फटका द्यायचाच नाही.

थ्रोचंही तसंच. टेकन ६ आणि टॅग टूर्नामेंट २ च्या काळात साधा थ्रो सोडवायला कुठला हात पुढे आला ते बघून तेच बटण दाबावं लागे. टेकन ७ पासून साध्या थ्रोला डाव्या किंवा उजव्या हाताचं कुठलंही बटण चालतं. जुना खेळाडू इथे उगाच हात बघत बसतो आणि उशीर करतो. कॉम्बोच्या मधला टप्पाही दर वेळी बदलला: टेकन ६ मध्ये समोरच्याला जमिनीवर आपटून उसळवणारा बाउंड, ७ मध्ये हवेत फिरवणारा स्क्रू, ८ मध्ये टोर्नेडो. तिन्हींचं काम कॉम्बो लांबवणं हेच, पण समोरचा कुठे आणि किती दूर पडतो ते वेगळं. म्हणून जुन्या कॉम्बोचा पहिला अर्धा भाग नव्यात बऱ्याचदा चालतो आणि दुसरा अर्धा हवेत जातो.

नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये किंग ऑफ फायटर्स ९७ वर घडलेली पिढी आता चाळिशीत आहे. त्यातले काही जण आता मुलांबरोबर स्ट्रीट फायटर ६ खेळायला बसतात. त्यांच्यासाठी एकच सूचना. तुमच्या खेळात वरची दिशा हलकेच टिचकी मारून सोडली की बुटकी उडी निघायची आणि त्या उडीवरच तुमचा सगळा हल्ला उभा होता. इथे टिचकी मारली तरी पूर्ण उडी निघते. ती लांब असते, दिसते, आणि समोरचा तुम्हाला हवेतच झोडपतो. पहिले काही दिवस उडी बंद ठेवा आणि पायी चालत अंतर राखायला शिका.

नव्या गेजांचं आकर्षण मोठं असतं. स्ट्रीट फायटर ६ मध्ये ड्राइव्हचे सहा खाने प्रत्येक राउंडला भरलेले मिळतात, म्हणून नवखा ते उधळतो. ड्राइव्ह इम्पॅक्टला एक, ओव्हरड्राइव्हला दोन, फटका मध्येच तोडून केलेल्या ड्राइव्ह रशला तीन. सगळे संपले की बर्नआउट, आणि मग ब्लॉक केलेला स्पेशलही थोडा थोडा लागत जातो. टेकन ८ मध्ये हीट राउंडला एकदाच मिळते आणि सुमारे १० सेकंद टिकते. माझा सल्ला असा की पहिला आठवडा ड्राइव्ह रश आणि हीट दोन्ही विसरून जा. चालण्याचा वेग, एक लांबचा फटका, उडीवरचा उतारा, ब्लॉकनंतरचा उलटा फटका आणि थ्रो सोडवणं एवढंच घेऊन सामने खेळा. हराल, पण कशामुळे हरलात ते कळेल. गेज आधी शिकलेल्या मुलाला ते कळत नाही. चमकदार काही केलं म्हणून तो जिंकतो आणि तसंच काही केलं म्हणून हरतो.

पात्र निवडताना नावावर जाऊ नका. जुन्या खेळातलं आपलं पात्र नव्यात असलं, तरी त्याचं काम बदललेलं असू शकतं. जुन्या पात्राने तुम्ही काय करायचात ते आठवा: दूर उभं राहून त्रास द्यायचात, की आत घुसायचात, की वाट बघून चुकीची शिक्षा द्यायचात? ते काम नव्या खेळात कोण नीट करतं ते बघा. तेच पात्र असेल तर उत्तम. नसेल तर भावनेत अडकू नका. पहिले काही दिवस जुनंच पात्र घेणं मात्र मला योग्य वाटतं, कारण त्यामुळे फरक पात्राचा नसून खेळाचा आहे हे हाताला समजतं.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. मातीत घडलेल्या मल्लाला गादीवर उभं केलं की हेच होतं: डाव तेच, पण पायाखालचं बदललेलं, गुणांचे नियम वेगळे, आणि मातीत मिळणारा वेळ गादीवर मिळत नाही. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले ते मातीचा हात घेऊनच. फ्लायवेटमध्ये ते सहावे आले. तिथे रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाने त्यांना शिकवलं. १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये त्यांनी कांस्य मिळवलं. महाराष्ट्र केसरीत आजही माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि त्यांचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. त्यातले तयारीचे मल्ल दोन्हींचा सराव वेगवेगळा करतात. दोन खेळ सांभाळणाऱ्याने यातून घेण्यासारखं हेच आहे: दोन्हींना वेगळे दिवस द्या. एका बैठकीत टेकन ७ आणि ८ आलटून पालटून लावलं तर हात दोन्हींच्या मधल्या कुठल्यातरी वेळेवर स्थिरावतो आणि ती वेळ दोन्हीकडे चुकते. जुन्या खेळावर परत जायचं असेल त्या दिवशी आधी दहा मिनिटं ट्रेनिंग मोडमध्ये फक्त चालणं, जॅब आणि एक नेहमीचा कॉम्बो, मग सामना.

आणि स्पर्धा असेल तर तिच्याच खेळाला चिकटून राहा, बाहेर काहीही नवं आलेलं असो. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धा कोविडमुळे लांबणीवर पडून २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाल्या. ई-स्पोर्ट्सला तिथे पहिल्यांदा पदकं होती आणि फायटिंग गेम होता स्ट्रीट फायटर ५. सहावा भाग जूनमध्येच आलेला. भारताकडून उतरलेल्या मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास यांना, आणि तिथल्या प्रत्येकालाच, सगळं जग ६ वर सरकत असताना ५ चा हात जपावा लागला. सुवर्ण दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांना मिळालं, वयाच्या ४४ व्या वर्षी. वय झालं म्हणून हात बसत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

खेळ बदलूनही कायम राहतं ते काय, याचं उत्तर पाकिस्तानच्या अर्सलान ऍशकडे बघून मिळतं. त्याने टेकन ७ मध्ये २०१९ आणि २०२३ ला एव्हो ही फायटिंग गेमची स्पर्धा जिंकली आणि २०२४ ला टेकन ८ मध्येही. टेकन ८ मुद्दाम आक्रमक बनवलेला खेळ आहे, तरी त्याची ओळख आजही बचाव आणि हालचालीसाठीच आहे. अंतर मोजणं, समोरच्याची सवय ओळखणं, मोकळी संधी न सोडणं, हे नव्या खेळातही तुमच्याबरोबर येतं. म्हणून हाताचं टायमिंग जमवताना या गोष्टी सोडू नका.

ऑनलाइन सामन्यांवरून नव्या खेळाबद्दल मत बनवायची घाई करू नका. रोलबॅक नेटकोडमध्ये समोरच्याची हालचाल उशिरा आली की खेळ मागे जाऊन चित्र दुरुस्त करतो आणि पात्र मध्येच उडी मारल्यासारखं सरकतं. तो खेळाचा स्वभाव नव्हे, तो जोडणीचा. चार जणांच्या फ्लॅटमध्ये एकाच वाय-फायवर कुणी सिनेमा बघत असेल तर काही खरं नाही. लॅन केबल ओढून घ्या. टेकन ८ आणि स्ट्रीट फायटर ६ दोन्हींत समोरचा वायरवर आहे की वाय-फायवर ते सामन्याआधी दिसतं. सुरुवातीला वायरवरचे आणि कमी पिंगचेच सामने स्वीकारा. टेकन ८ मध्ये हरलेला सामना पुन्हा बघताना मध्येच सूत्रं आपल्या हातात घेता येतात. जिथे फटका खाल्ला तिथेच थांबून तो अडवायचा सराव करता येतो, तो करा.

२०२६ च्या आइची-नागोया आशियाई स्पर्धांच्या यादीत स्ट्रीट फायटर ६, टेकन ८ आणि किंग ऑफ फायटर्स १५ हे तीन खेळ एकाच गटात ठेवले आहेत. तुमच्या खोलीवर चार-पाच जण खेळत असतील तर सगळ्यांनी टेकनच धरून बसू नका. एकाने स्ट्रीट फायटर घ्यावा, एकाने किंग ऑफ फायटर्स, आणि आठवड्यातून एक रात्र एकमेकांच्या खेळावर बसा. ज्याचा खेळ असेल त्याने त्या रात्री जिंकायला खेळू नये. नवख्याच्या शेजारी बसून इनपुट हिस्टरी बघावी आणि त्याचं बटण लवकर पडतंय की उशिरा, एवढंच सांगावं.